एका लुगड्याभोवती बारा जणांचे कपडे: कौटुंबिक फोटोचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्यातल्या एका गावातलं हे एकत्र कुटुंब. आज्जींचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. ८० वर्षं आणि साधारण १० महिने झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं मानतात, तो हा सोहळा. पुण्याची लेक दिवाळीच्या सुट्टीत येणार, धारवाडला नोकरीला असलेला नातू तेव्हा घरी असणार, म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढायचा असं ठरलं. फोटो सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत लावायचा, २० बाय ३० इंचाचा, मॅट कागदावर.

माणसं बारा. आज्जी, दोन मुलगे, दोन सुना, लेक, जावई, नातू, नातसून, १९ वर्षांची नात, १२ वर्षांचा धाकटा नातू आणि दोन वर्षांची पणती. थोरल्या सुनेचं माहेर खानापूरकडचं, मराठी. धाकटीचं माहेर बैलहोंगलकडचं, कानडी. घरात दोन्ही भाषा चालतात आणि कपाटातही दोन्हीकडची लुगडी आहेत.

फोटोची जागा म्हणजे घराचाच सोपा. तोंड उत्तरेला, पुढे शहाबादी फरशीचं अंगण, मागे भिंत. भिंतीला खालून चार फूट चॉकलेटी ऑइलपेंट, वर फिकट चुना. आज्जींचे गुडघे दुखतात, त्यामुळे राजहंसगडावर फोटो काढायची नातवाची सूचना पहिल्याच दिवशी बाजूला पडली. ते योग्यच झालं, कारण उत्तरेकडचा सोपा फोटोला फार चांगला. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, सोप्यात दिवसभर थेट ऊन येत नाही, आणि अंगणातल्या फरशीवर पडलेलं ऊन उलटून चेहऱ्यांवर मऊ उजेड देतं. शहाबादी फरशी करडी असल्यामुळे त्या उजेडाला वेगळा रंग चढत नाही. हिरवळ असती तर हनुवटीखाली हिरवट झाक आली असती.

अडचण

थोरल्या सुनेने हौसेने सगळ्यांसाठी कपडे आणून ठेवले होते. पाच बायकांना एकसारख्या राणी रंगाच्या चकचकीत सिंथेटिक साड्या, पुरुषांना पांढरेशुभ्र कुर्ते. पणतीला पोपटी फ्रॉक, अगदी झगझगीत. आज्जींसाठीही राणी रंगाचीच नऊवारी होती. ती आज्जींनी हातात घेतली, पोत पाहिला आणि परत दिली. "माझं लुगडं मी सोडणार न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. त्या वर्षानुवर्षं इरकलच नेसतात.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की आज्जी वेगळ्या आणि बाकी अकरा जण एकसारखे, तर फोटो कसा दिसेल? धाकट्या सुनेने सुचवलं म्हणून पाच आठवडे आधी सोप्यातच मोबाइलवर एक चाचणी फोटो काढला. जे कोण घरात होते ते नवे कपडे घालून बसले. या एका फोटोने पुढचं सगळं वाचवलं.

त्यात चार गोष्टी दिसल्या. पहिली, पांढरे कुर्ते आधी दिसत होते, चेहरे नंतर. कॅमेरा सावलीतल्या सावळ्या चेहऱ्याला पुरेल एवढा उजेड घेतो, तेव्हा पांढरं कापड त्याच्या आवाक्याबाहेर जातं. चुण्या, शिवण, काजं सगळं जाऊन नुसता पांढरा ठिपका उरतो. दुसरी, राणी रंग जागोजागी एकाच तीव्रतेने पसरल्यामुळे बायकांचे खांदे एकमेकांत मिसळून एकच पट्टा झाला. नात म्हणाली, "आक्का, हे शाळेचं गॅदरिंग वाटतंय." तिसरी, धाकट्या नातवाच्या बारीक चौकडीच्या शर्टावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा उमटल्या. कापडावरची बारीक जाळी आणि कॅमेऱ्यातली बारीक जाळी एकमेकींवर पडली की असं होतं, आणि ते नंतर नीट काढता येत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पणती आज्जींच्या मांडीवर होती आणि तिच्या पोपटी फ्रॉकचा रंग आज्जींच्या हनुवटीखाली, गळ्यावर चढला होता. आजारी माणसाच्या चेहऱ्याला असते तशी फिकट हिरवी छटा. ज्या चेहऱ्यासाठी हा सगळा घाट, त्याच चेहऱ्याचं नुकसान मांडीवरच्या फ्रॉकने केलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आणलेले कपडेच घालायचे आणि आज्जींना त्यांच्या लुगड्यात मध्ये बसवायचं. खर्च वाया जात नाही, थोरली सून दुखावत नाही. पण चाचणी फोटोतल्या चारही अडचणी तशाच राहतात.

दुसरा, ज्याला जे आवडेल ते घालू द्यायचं. हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. पाच-सहा जण असतील तर चालूनही जातो. बारा जणांत मात्र बारा रंग, सहा प्रकारचे काठ आणि छापील टी-शर्ट एकत्र आले की डोळा कुठेच ठरत नाही.

तिसरा, आज्जींचं लुगडं केंद्र धरायचं आणि बाकीच्यांचे रंग त्यातून काढायचे, शक्यतो घरात आहेत त्याच कपड्यांतून. यात कष्ट जास्त. प्रत्येकाचं कपाट उघडावं लागतं, कुणाला तरी नाही म्हणावं लागतं.

इथे रंगांबद्दल आणखी एक गोष्ट बोलली गेली, आणि ती बोलली गेली हे बरं झालं. सीमावादामुळे या भागात रंगांना अर्थ चिकटलेले असतात. लाल-पिवळी जोडी दिसली की कन्नड ध्वज आठवतो, एकजात भगवं दिसलं की मराठी बाजू. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव असतो तर मराठी माणसं काळा दिन पाळतात, म्हणून दिवाळीच्या आसपास सगळे काळ्या कपड्यांत दिसले तर त्याचाही अर्थ लावला जातो. ज्या घरात दोन्ही भाषांच्या सुना आहेत, त्या घरच्या भिंतीवर पन्नास वर्षं राहणाऱ्या फोटोने असली कोणतीच बाजू घेऊ नये, हे धाकट्या मुलाने स्पष्ट मांडलं. त्यामुळे पिवळा पूर्ण वगळला, भाड्याचे भगवे फेटे वगळले, आणि काळ्याऐवजी गडद निळा नि गडद हिरवा घ्यायचं ठरलं. फेटे वगळल्याचा आणखी एक फायदा. भगव्या फेट्याची झाक कपाळावर उतरते आणि फोटो लग्नातला वाटतो.

तिसरा पर्याय ठरला. थोरल्या सुनेला ते जड गेलं. दोन साड्यांना फॉल-बीडिंग झालेलं, म्हणून दुकानदार परत घेईना. शेवटी त्या पाच साड्या संध्याकाळच्या जेवणावळीला नेसायच्या असं ठरलं, आणि फोटोत तिने स्वतःची लग्नातली वांगी रंगाची पैठणी नेसावी हे सगळ्यांनी आग्रहाने सांगितलं. हा निर्णय कपड्यांइतकाच माणसाचा होता. ज्या सुनेने पुढाकार घेतला, तिचाच शब्द पूर्ण खाली पडला असता तर फोटोच्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर ते उमटलंच असतं.

केंद्र कुठलं: लुगड्याच्या अंगाचा रंग की पदराचा?

सगळ्यांत मोठी चूक इथे होणार होती. आज्जींनी निवडलेलं लुगडं काळसर निळ्या अंगाचं. "आज्जींचं निळं लुगडं" असंच सगळे म्हणत होते, आणि त्या हिशेबाने निळ्याला जुळणारे कपडे काढायला सुरुवातही झाली होती.

पण आज्जी खुर्चीत बसल्या की काय दिसतं? इरकलचा पदर लाल. विणकर अंगाच्या उभ्या धाग्यांना पदराचे उभे धागे फासे अडकवून जोडतात, म्हणून अंग एका रंगाचं आणि पदर दुसऱ्या रंगाचा निघतो. या टोपतेणी पदरात लाल पट्टे तीन आणि त्यांच्या मध्ये पांढऱ्या नक्षीचे दोन. आज्जी पदर डोक्यावरून घेऊन उजव्या खांद्यावरून पुढे आणतात. म्हणजे चेहऱ्याभोवती, दोन्ही खांद्यांवर आणि छातीवर लालच. निळं दिसतं ते गुडघ्यांवर, आणि तिथे तर पणती बसणार. कॅमेऱ्यासाठी आज्जींचं लुगडं लाल होतं.

हे ध्यानात आलं ते आज्जींना प्रत्यक्ष नेसवून, पदर घेऊन, खुर्चीत बसवून पाहिल्यावर. घडी घातलेल्या लुगड्यावरून रंग ठरवू नयेत. नेसल्यावर चेहऱ्यापासून वीतभर अंतरात जो रंग येतो, तोच खरा रंग. सहावारीत खांद्यावरचा पदर आणि ब्लाउज, पुरुषांत कुर्त्याचा गळा आणि बंडी, लहान मुलांत ज्याच्या मांडीवर ते बसणार त्याच्या अंगाशी येणारं कापड.

म्हणून नियम असा बनला: गडद लाल फक्त आज्जींचा. बाकीच्यांत त्याचा पडसाद विटकरी छटेत, तोही दोन-तीन ठिकाणी. उरलेल्यांत मोतिया, राखी आणि गडद निळा-हिरवा.

प्रत्यक्ष तयारी

रंग ठरवायला ट्यूबलाइटखाली बसू नये. दुकानातल्या दिव्यात जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात फटकून वागतात. सकाळी अकराच्या सुमारास खिडकीजवळच्या पलंगावर पांढरी चादर अंथरली, मधोमध लुगड्याचा पदर उघडा ठेवला आणि प्रत्येकाचा कपडा, ज्या क्रमाने माणसं बसणार-उभी राहणार त्याच क्रमाने, शेजारी मांडला. मोबाइलवर फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला. शेजारशेजारचे दोन कपडे कृष्णधवलमध्ये एकाच करड्या छटेचे दिसले तर ती जोडी बदलायची. रंगात वेगळे असलेले विटकरी आणि गडद हिरवा कृष्णधवलमध्ये सारखेच निघाले, तेव्हा नात आणि धाकटा नातू यांच्या जागा लांब केल्या.

बाराजणांत नवीन कपडे लागले चार. नातसुनेचा विटकरी खणाचा ब्लाउज, नातीचा मोरपंखी खणाचा कुर्ता, जावयांचा राखी कुर्ता आणि पणतीचं मोतिया मलमलचं झबलं. खण गुळेदगुड्डचा. त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, म्हणून मीटर ठरवण्याआधी टेलरला विचारलं. कुर्त्याला तर आणखीच कापड लागतं आणि बुट्टीची दिशा सांभाळावी लागते. दिवाळीच्या तोंडावर टेलरकडे गर्दी असते, म्हणून कापड चार आठवडे आधी दिलं आणि शिवून आल्यावर दोन्ही कपडे एकदा घालून, हात वर करून, खाली बसून पाहिले. ब्लाउजची बाही काखेत ओढत होती, ती उसवून पुन्हा घातली. फोटोच्या आदल्या दिवशी कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

मलमलचं झबलं ही या सगळ्यातली छोटी पण मोलाची निवड. मांडीवरचं पोपटी कापड जसं हिरवी झाक वर फेकत होतं, तसंच मोतिया कापड मऊ उजेड वर फेकतं. आज्जींच्या डोळ्यांखालच्या खळग्यांतला अंधार त्यामुळे कमी होतो. फोटोग्राफर खालून पांढरा बोर्ड धरतात त्याचं काम इथे पणतीने केलं.

धाकट्या सुनेची इरकल माहेरची, काळसर हिरवी, आणि तिचाही पदर लाल. दोन लाल पदर समोरासमोर येणार म्हणून ती नको असं एकदा ठरत होतं. तसं केलं असतं तर चुकीचं झालं असतं, कारण माहेरचं लुगडं नको म्हणणं वेगळ्याच ठिकाणी लागतं. तोडगा असा निघाला की तिने बरोबर आज्जींच्या मागे उभं राहायचं आणि पदराच्या बारीक निऱ्या घालून, चार बोटांच्या रुंदीत पिन करून, उरलेला पदर पाठीमागे सोडायचा. मग आज्जींच्या लाल डोक्यामागे हिची गडद हिरवी साडी येते आणि आज्जींच्या डोक्याची कड ठळक उठते. तो चार बोटांचा लाल काठ वरच्या ओळीत पडसाद देतो.

आज्जींचं लुगडं ३० वर्षांहून जुनं. सुती अंगाला चालणारी इस्त्री पदराला चालत नाही, तो रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. म्हणून अंगाला गरम, पदराला मंद, उलट्या बाजूने आणि मध्ये सुती फडकं ठेवून. पाण्याचा फवारा पदरावर मारायचा नाही. लाल सुटला तर मधल्या पांढऱ्या नक्षीत उतरतो. पणती पदर ओढणार हे नक्की होतं, म्हणून पिना लावल्या, पण अंग आणि पदर जिथे जोडलेले असतात त्या रेषेवर एकही नाही. जुन्या लुगड्यात फाटतं ते तिथेच. एक पिन खांद्यावर ब्लाउजला आतून, दुसरी कानामागे केसांत.

बाकी तयारी चटकन सांगता येईल. मोतिया कुर्त्याखाली पांढरं बनियन उठून दिसतं, म्हणून अंगाच्या रंगाचं किंवा बिनबाह्यांचं. कुर्त्याच्या खिशात मोबाइल, किल्ल्या काही नाही. स्मार्टवॉच काढायचं. जावयांचा चष्मा उन्हात काळा होणारा. अंगणात थांबले की काचा काळ्या पडतात आणि उजळायला काही मिनिटं लागतात, म्हणून जुना साधा चष्मा पुण्याहून आठवणीने आणायला सांगितला. पायांत काय, यावर बराच खल झाला. अथणीच्या नव्या कोल्हापुरी चपला घ्यायच्या असं निघालं होतं. पण नवी चपल चावते, चेहरा आंबतो, आणि घराच्या सोप्यात चपला घालून कुणी बसत नाही. सगळे अनवाणी.

फोटोचा दिवस

पुढे खुर्च्यांवर थोरला मुलगा, लेक, आज्जी पणतीसह, धाकटा मुलगा. आज्जींच्या पायाशी पाटावर धाकटा नातू. मागे सहा जण उभे. पणतीला पोटभर खाऊ घालून, झबलं अगदी शेवटी, पहिल्या क्लिकच्या पाच मिनिटं आधी घातलं. तरी एक जादा झबलं हाताशी होतं, आणि ते लागलं.

आज्जी खुर्चीत बसल्यावर नऊवारी पुढून वर सरकली आणि नडगी उघडी पडू लागली. खुर्ची त्यांच्यासाठी उंच होती, पाय अधांतरी लोंबत होते. जेवणाचा लाकडी पाट पायांखाली दिला तेव्हा गुडघे वर आले, निऱ्या सरळ खाली पडल्या आणि आज्जींची पाठही टेकली. लुगडं नीट दिसत नाही तेव्हा लुगडं ओढण्याआधी बैठक पाहावी.

सव्वानऊला सुरुवात, साडेदहाला संपलं. फ्लॅश वापरला नाही, त्यामुळे पैठणीची जर चमकून पांढरी पडली नाही, उलट तिचं सोनं मऊ दिसलं. जर फोटोत नको असा सल्ला सर्रास दिला जातो. तो समोरून मारलेल्या फ्लॅशपुरता खरा आहे, अंगणातल्या उजेडाला लागू नाही.

निष्पत्ती

मोठ्या फोटोत पाहणाऱ्याची नजर आधी आज्जींवर जाते. तिथून पणतीवर, मग मागच्या हिरव्या साडीवरून बाजूंना. चेहऱ्यांवर परक्या रंगाची झाक नाही. वांगी पैठणी अपेक्षेपेक्षा फार शोभली, कारण तिच्या पुढ्यात लेकीची राखी साडी होती. टोकांना मोतिया आणि राखी कपडे ठेवल्यामुळे चॉकलेटी रंगाच्या भिंतीत कुणी बुडालं नाही. एकसारखं कुणीच नाही, तरी सगळे एका घरचे दिसतात.

दोन ठिकाणी चुकलं. थोरल्या मुलाची पांढरी टोपी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नातवाच्या मोतिया कुर्त्यावर येते आणि टोपीची कडच दिसत नाही. चादरीवर मांडताना कपडे शेजारशेजार तपासले, पुढे-मागे तपासले नाहीत. दुसरं, नातीचा मोरपंखी कुर्ता सोप्याच्या काळपट सागवानी खांबाला लागून आला आणि तिचा डावा खांदा खांबात मिसळला. कुर्ता चांगला होता, जागा चुकली.

वेगळं काय करता आलं असतं

कपडे विकत घेण्याआधी चाचणी फोटो काढला असता तर पाच साड्यांचा खर्च आणि थोरल्या सुनेचं मन, दोन्ही वाचलं असतं. चाचणीला सगळे बारा जण लागत नाहीत. मध्ये बसणारी व्यक्ती, तिच्या मांडीवरचं मूल आणि मागे उभं राहणारं एक माणूस, एवढे तिघे पुरतात. कपडे जुनेच, पण रंग ठरवलेले.

चादरीवरची मांडणी दोन ओळींत करावी. मागच्या ओळीचे कपडे वर, पुढच्या ओळीचे खाली, आणि पुढच्या माणसाचं डोकं मागच्याच्या छातीवर जिथे येईल तिथे टोपी किंवा केसांच्या रंगाचं काळं फडकं ठेवावं. मग टोपीची गोष्ट पाच आठवडे आधीच दिसली असती, आणि नातू नि जावई यांची अदलाबदल केली असती तर राखी कुर्त्यावर टोपी स्वच्छ उठली असती. भिंत, खांब, दार यांचे रंगही त्याच कृष्णधवल फोटोत घ्यायला हवे होते.

टोपी बदलायची नाही असं थोरल्या मुलाने सांगितलं होतं आणि ते मान्यच होतं. फक्त कोऱ्या कडक टोपीऐवजी रोजची, चार धुण्यांनी मऊ झालेली चालली असती. मोठा फोटो दुसऱ्यांदा छापताना लॅबने टोपीच्या कडेला किंचित सावली वाढवून दिली. सोप्यात आता तोच लावलेला आहे.